काट्याचा पासंग

भरलेला ट्रॅक्टर भुईकाट्यावर उभा राहतो आणि शेजारच्या खोलीतल्या डब्यावर लाल आकडे उमटतात. खाली लोखंडी फळीवर कित्येक टनांचा भार असला, तरी तारेतून त्या डब्यापर्यंत पोचतो तो एका व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा विद्युतदाब. त्या दाबाचे दहा किलोला साधारण एक मायक्रोव्होल्ट असे भाषांतर होते आणि त्यावर शेतकऱ्याची पट्टी बनते. हा इवलासा दाब मोठा करायचा, त्यातला गोंगाट गाळायचा, तो आकड्यांत बदलायचा आणि वाटेत त्याला धक्का लागू द्यायचा नाही, या कामाला तंत्रज्ञ ‘सिग्नल कंडिशनिंग’ म्हणतात. प्रयोगशाळेत ते संगणकाला जोडलेल्या डेटा अ‍ॅक्विझिशन बोर्डाच्या आधी केले जाते. बाजारगावात तेच काम वजनकाट्याच्या डब्यात बंद असते.

नेवासे तालुक्यातले घोडेगाव हे असे बाजारगाव आहे. (पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले घोडेगाव निराळे.) अहिल्यानगरहून, म्हणजे जुन्या नगरहून, छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर ते वसले आहे आणि शनिशिंगणापूरचा फाटा इथूनच फुटतो. इथला जनावरांचा बाजार जुना, आणि कांद्याची बाजारपेठ जिल्ह्यातल्या मोठ्यांपैकी एक. दोन्ही बाजारांची रीत मात्र वेगळी आहे. बैलाचा सौदा दात पाहून, पाठीवर हात फिरवून आणि उपरण्याखाली बोटे दाबून करायचा, ही महाराष्ट्रातल्या जनावरांच्या बाजारांची जुनी चाल. त्यात वजनाचा प्रश्नच येत नाही. कांद्याचा भाव क्विंटलवर ठरतो, म्हणून काट्याशिवाय त्याचा व्यवहार पुरा होत नाही. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे, आणि फाट्यावरच्या बाजारात मात्र मोहोर नसलेला काटा कायद्याला चालत नाही.

काट्याच्या आधी माप होते. धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची चाल महाराष्ट्रात खोल रुजलेली होती. चिपटे, मापटे, शेर, पायली, मण, खंडी ही उतरंड बहुतेक घरांत तोंडपाठ असे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. पायल्यांचा मण किती, हे मात्र गाव बदलले की बदले. खळ्यावर पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि मग दोन, तीन असे पुढे मोजायचे, ही रीत अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. वजनाच्या मणातही एकवाक्यता नव्हती. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा जास्त. नाव एकच, आणि माल जवळजवळ तिप्पट. परगावच्या व्यापाऱ्याशी भाव करताना आधी ‘मण कुठला?’ हे विचारावे लागे.

तराजू आला तरी भांडण मिटले नाही. ते पारड्यावरून दांडीवर सरकले, एवढेच. रिकाम्या तराजूची दोन्ही पारडी समतोल राहत नसतील, तर हलक्या बाजूला दोरीत खडा, चिंधी किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात. त्याला पासंग म्हणतात. एखादी गोष्ट दुसरीच्या पासंगालाही पुरत नाही, असे मराठी माणूस रोज म्हणतो. त्या बोलीत पासंग म्हणजे क्षुल्लक वस्तू. तोलणाऱ्याच्या लेखी तो क्षुल्लक कधीच नव्हता. पासंग खरा असेल तर तराजू खरा, आणि तो खोटा असेल तर प्रत्येक धारणेला तेवढीच चोरी. म्हणून चांगला मापाडी माल घालण्याआधी रिकामा तराजू उचलून दाखवी आणि काटा मधोमध उभा राहिल्याचे गिऱ्हाइकाने पाहिले की मगच पहिली धारण घाली. दांडी मारणे, मापात पाप हे शब्दप्रयोग याच व्यवहारातले. पुढे तराजूची तरफ झाली, तरफेचा विद्युतदाब झाला आणि दाबाचा आकडा झाला. पासंग प्रत्येक टप्प्यावर राहिलाच. फक्त तो कुठे बांधलेला आहे, हे पाहणे दर पिढीला अवघड होत गेले.

देशभर एकच मान आणणारा वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि १९६२ पर्यंत त्याची सक्ती झाली. चाळीस शेरांचा प्रमाणित मण ३७.३२४ किलोंचा ठरला आणि हळूहळू बोलण्यापुरता उरला. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार कायदा १९६३चा. त्याने उघडा लिलाव, परवानाधारक अडत्या आणि मापाडी यांची घडी बसवली. १९६९च्या माथाडी कायद्याने हमाल-मापाड्यांच्या कामाला संरक्षण मिळाले. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली आणि वाराईच्या शेजारी ‘तोलाई’ हा रकाना ठळक बसला. रकान्याचे नावच सांगते की तोलणे हे तेव्हा माणसाचे काम होते.

गोणी तोलायला फळीचा काटा पुरतो. गाडी तोलायला भुईकाटा लागतो, आणि नगर जिल्ह्यात तो कांद्याआधी उसासाठी आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना होता. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे मुळा धरणाचे पाणी राहुरी-नेवाशाकडे फिरले आणि घोडेगावाजवळ सोनईतही सहकारी कारखाना झाला. ऊस टनावर विकला जातो. बैलगाडी उसासकट तोलायची, गव्हाणीत रिकामी करायची आणि पुन्हा तोलायची. दोन वजनांतली वजाबाकी म्हणजे ऊस.

हे काटे यांत्रिक होते. त्यांची मूळ कल्पना इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉन वायटची, १७४०च्या दशकातली. जमिनीत खड्डा, त्यात तरफांची जोडणी, वर फळी. तरफांनी टनांचा भार इतका कमी करत आणायचा की खोलीतल्या दांडीवर सरकवलेल्या लहानशा वजनाने तो तोलता यावा. भार एका तरफेवरून दुसरीवर जातो तो पोलादी धारेवरून. ती धार बोथट झाली, खाली चिखल साचला किंवा उंदराने घर केले, की काटा जड होतो. नेवासे तालुक्यातली काळी माती या खड्ड्याची वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया नीट घेतला नसेल तर तरफांची पातळी मोडते. पासंग इथे दांडीच्या टोकाला फिरणाऱ्या एका जाड चाकीच्या रूपात होता. ती दिसत असे, आणि कुणी फिरवली तर तेही दिसे. यांत्रिक काट्याच्या बाजूने बोलायचे तर हा गुण मोठा होता.

तरफेची जागा तारेने घेतली, ती गोष्ट दोन टप्प्यांत घडली. ताणलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो, हे १८५६ साली विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी दाखवले. त्याचा व्यवहारात उपयोग व्हायला ऐंशी वर्षे गेली. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, बारीक तार धातूवर चिकटवून त्याचा ताण मोजला. रूज हे भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचे काय होते, याचा अभ्यास करत होते. धातूवर चिकटवलेल्या अशा तारेला किंवा पातळ पत्र्याच्या जाळीला ‘स्ट्रेन गेज’ म्हणतात. पोलादाच्या भक्कम ठोकळ्यावर चार गेज चिकटवून तो हवाबंद केला की ‘लोड सेल’ होतो.

लोड सेलमध्ये घडते ते डोळ्यांना दिसण्याजोगे नसते. पूर्ण भाराखाली पोलाद दर मीटरला साधारण एक मिलिमीटर या प्रमाणात दबते किंवा ताणले जाते. गेजचा रोध ३५० ओहम असेल, तर तो बदलतो सुमारे ०.७ ओहमने. हा फरक सरळ मोजू गेले तर तापमान, तारेची लांबी, जोडाचा गंज यांतच तो हरवेल. म्हणून चारही गेज चौकोनात जोडतात. ही मांडणी व्हीटस्टन यांच्या नावाने ओळखली जाते, पण ती त्यांच्या दहा वर्षे आधी, १८३३ साली, सॅम्युअल ख्रिस्टी यांनी मांडली होती. चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना ठरलेला दाब द्यायचा आणि उरलेल्या दोघांतला फरक मोजायचा. भार नसेल तेव्हा चारही बाजू सारख्या, म्हणून फरक शून्य. भार आला की दोन बाजू वाढतात, दोन घटतात आणि समतोल मोडतो. हा तराजूच आहे, पारड्यांत धान्याऐवजी ओहम घातलेला.

भुईकाट्याच्या फळीखाली असे सहा लोड सेल बसवले असे धरू. प्रत्येक ३० टनांचा, म्हणजे एकूण क्षमता १८० टन. नेहमीच्या सेलमध्ये पूर्ण भाराला दर व्होल्टमागे दोन मिलिव्होल्ट मिळतात. दहा व्होल्ट दिले, तर १८० टनांना २० मिलिव्होल्ट. काटा ६० टनांचा असेल, तर त्याच्या पूर्ण भाराला मिळतात फक्त ६.६७ मिलिव्होल्ट. क्षमता एवढी जादा ठेवण्याचे कारण उघड आहे: गचका देत चढणारा ट्रक सगळा भार क्षणभर एकाच कोपऱ्यावर टाकतो. फळीचे स्वतःचे वजन १२ टन असेल, तर रिकाम्या काट्यावरही १.३३ मिलिव्होल्ट उभे असतात. ते वजा करून शून्य दाखवायचे, हा नवा पासंग. आणि काट्याची एक पायरी, म्हणजे दहा किलो, म्हणजे १.१ मायक्रोव्होल्ट.

अशा दाबासमोर संगणकाचे बोर्ड आणून ठेवले तर काय होईल? १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि त्याच्या खाचेत बसणारी मोजणीची कार्डे लवकरच बाजारात आली. सर्वसाधारण कार्ड १२ बिटचे असे. शून्य ते दहा व्होल्टांचे ते ४०९६ भाग पाडी, म्हणजे एक भाग २.४४ मिलिव्होल्टचा. आपल्या काट्यावर तो भाग २२ टनांचा होतो. काटा थेट त्या कार्डाला जोडला तर पडदा शून्य, बावीस आणि चव्वेचाळीस एवढेच टन ओळखील. कांद्याची ट्रॉली त्याला कळणारही नाही. बोर्ड निकामी म्हणून हे घडत नाही. कारखान्यातल्या व्होल्टांसाठी त्याचे माप बरोबरच असते. पायलीने सोने मापायला गेल्यासारखा हा प्रकार आहे.

म्हणून मधे अ‍ॅम्प्लिफायर लागतो. जुन्या कार्डांवर दाब किती पटीने वाढवायचा, हे लहान खिट्ट्या आणि जंपर यांनी ठरवत: एकपट, दहापट, शंभरपट, कधी हजारपट. हजारपट वाढ निवडली तर ६.६७ मिलिव्होल्टचे ६.६७ व्होल्ट होतात आणि एक पायरी २२ किलोंची होते. टनांवरून किलोंवर आलो, तरी दहा किलोंचे काम भागत नाही. पुढे २४ बिटचे रूपांतरक आले तेव्हा हा अडसर निघाला. त्यांचे एक कोटी सदुसष्ट लाखांवर भाग कागदावर असतात. शेवटचे बरेचसे भाग गोंगाटात बुडतात, पण उरतात ते वजनाला पुरून उरतात.

त्याच कार्डावर दुसरी एक खिट्टी असे, आणि पहिल्यांदा काम करणारा बहुधा तिथेच चुके. संकेताची एक तार जमिनीशी धरून दुसरी मोजायची, की दोन्ही तारांतला फरक मोजायचा? पहिल्या रीतीत एका कार्डावर दुप्पट संकेत बसतात, म्हणून ती मोहात पाडते. पण काट्याजवळची जमीन आणि खोलीतल्या संगणकाची जमीन यांचा विद्युतदाब एकच असतो असे नाही. शेजारच्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार चालू झाली की त्या दोन जमिनींत काही मिलिव्होल्टांचा फरक सहज पडतो, आणि एक मिलिव्होल्ट म्हणजे आपल्या काट्यावर नऊ टन. फरकाच्या रीतीत दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंगाट कटतो. मिलिव्होल्टच्या मोजणीला दुसरी रीतच हवी. इथे काटकसर चालत नाही.

तारेचा हिशेब याहून मजेशीर आहे. सहा सेल समांतर जोडले की त्यांचा एकत्र रोध ५८ ओहमांवर येतो. खोलीपासून फळीपर्यंत जाऊन-येऊन तारेचा रोध एक ओहम असेल, तर सेलला दहा व्होल्टांऐवजी पावणेदोन टक्के कमी मिळतात. ३० टनांच्या उसावर हा फरक ५०० किलोंचा. काटा बसवताना प्रमाणित वजने ठेवून आकडा जुळवला जातो, त्यात ही घट भरून निघते. पण तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो. जानेवारीच्या पहाटे जुळवलेला काटा मे महिन्याच्या दुपारी तीस अंशांनी तापतो, तेव्हा त्याच ३० टनांवर ६० किलोंची तूट दाखवू शकतो. उपाय साधा निघाला. चारऐवजी सहा तारा न्यायच्या. जादा दोन तारा सेलजवळ प्रत्यक्ष किती दाब पोचला, हे डब्याला परत सांगतात आणि डबा तेवढी दुरुस्ती आपण करतो. चांगला काटा आणि स्वस्तातला काटा यांच्यातला फरक पुष्कळदा या दोन तारांचा असतो.

गोंगाटापासून सुटका करून घेण्याची महाराष्ट्रातली एक जुनी कथा काट्याची नाही, वेधशाळेची आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया हलणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, नोंदींसाठी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. इमारतीत लोखंड येऊ दिले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. त्या काळी गोंगाटावर उपाय म्हणजे गाव सोडणे. घोडेगावच्या काट्याला महामार्ग सोडून जाता येत नाही, आणि ५० हर्ट्झची वीज तर सगळीकडे आहे. म्हणून आता उलट उपाय करतात. विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. नेमक्या तेवढ्या वेळाच्या पटीत दाब मोजून सरासरी घेतली की लाटेचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना खातात. चालू इंजिनाची थरथरही सरासरीत मुरते. डब्यावरचा आकडा लगेच न उमटता क्षणभर घुटमळतो, तो यामुळे.

सरासरीने न जाणारे दोष मात्र असतात. दोन वेगळ्या धातूंच्या जोडावर तापमानाच्या फरकाने आपोआप दाब निर्माण होतो. तांबे आणि गेजमधला कॉन्स्टंटन यांच्या जोडाला एका अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट. आपल्या काट्यावर ते ३६० किलो होतात. सेलच्या आत असे जोड जोडीजोडीने, एकाच तापमानात ठेवलेले असतात, म्हणून ते एकमेकांना मारतात. एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत आली की हा समझोता मोडतो.

आणि ओल. सहाही सेलच्या तारा फळीखालच्या एका डबीत एकत्र येतात. प्रत्येक कोपऱ्यावर सारखेच वजन दिसावे म्हणून तिथे लहान रोधक फिरवून जुळवतात. या डबीचे रबर सुकले आणि मृगाच्या पावसात आत दमट हवा शिरली, की दोन टोकांमधून नको तिथे प्रवाह झिरपतो. झिरपण्याचा रोध १३ लाख ओहमांएवढा असला, म्हणजे बऱ्याच कामांत तो ‘नाहीच’ म्हणता येईल इतका मोठा, तरी काटा तेवढ्याने एक टन चुकतो. गंमत अशी की तपासणारा तंत्रज्ञही हेच करतो: ठाऊक असलेला मोठा रोधक क्षणभर चौकोनाच्या एका बाजूला लावायचा, किती टन उठतात ते पाहायचे आणि काढून घ्यायचा. काटामारी करणारालाही तोच रोधक पुरतो, तो फक्त काढत नाही. ओल, तपासणी आणि चोरी या तिघांचे विद्युतशास्त्र एकच आहे. म्हणून डबी आणि डबा दोघांनाही शिशाची मोहोर लागते.

वीज पडण्याचे दुखणे वेगळे. मोकळ्या माळावर मोठा लोखंडी पत्रा जमिनीत गाडलेला, आणि त्यातून लांब तार खोलीत आलेली. वळवाच्या पावसात सेल जळाल्याची तक्रार काटेवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहे. फळीला जाड तांब्याची अर्थिंग, संकेताच्या तारेवरचे जाळीचे आवरण एकाच टोकाला जमिनीशी जोडलेले, आणि वादळ दिसताच प्लग उपसणे, असे तीन इलाज सांगतात. तिसरा सर्वांत खात्रीचा.

इलेक्ट्रॉनिक भुईकाटे भारतात १९८० नंतरच्या दोन दशकांत पसरले. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी जुना खड्डा आणि जुन्या तरफा तशाच ठेवून शेवटच्या तरफेला एकच लोड सेल टांगला. म्हातारे खोड आणि नवी फांदी, अशी ती जोडणी होती. मग खड्डे बुजले आणि फळ्या थेट सेलवर आल्या. याच तंत्राचा उघडा चेहरा अहिल्यानगरातच पाहता येतो. तिथे संरक्षण संशोधन संघटनेची वाहन संशोधन आणि विकास आस्थापना आहे. वाहनाच्या चाचणीत सांगाड्यावर स्ट्रेन गेज चिकटवणे हा जगभरचा शिरस्ता. अशा चाचणीत प्रत्येक संकेताला किती पट वाढ, कुठला गाळणीपट्टा, कुठला पुरवठा, हे अभियंता दर चाचणीआधी स्वतः लावतो आणि वहीत लिहितो. बाजारात हेच सगळे आकडे एकदा लावून कुलूपबंद होतात. प्रयोगशाळेत विश्वास वहीवर असतो, बाजारात मोहोरेवर.

ती मोहोर कायद्याची. १९५६च्या जागी १९७६चा आणि त्याच्या जागी २००९चा वैधमापनशास्त्र कायदा आला. तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दर वर्षी करून घ्यावे लागते. दहा किलोंच्या पायरीच्या काट्याला पडताळणीत ५ टनांपर्यंत ५ किलो, २० टनांपर्यंत १० किलो आणि त्यापुढे १५ किलो एवढी चूक माफ असते. ३० टनांच्या उसात १५ किलो म्हणजे अर्धा सहस्रांश, तक्रारीला जागा नाही. तीन टनांच्या कांद्याच्या ट्रॉलीला मात्र हीच पायरी जाणवते. क्विंटलला १५०० रुपये भाव धरला तर दहा किलो म्हणजे १५० रुपये. भरलेली गाडी एकदा आणि रिकामी एकदा तोलायची, म्हणजे चुकीला दोन संधी. शिवाय ६० टनांच्या काट्यावर २०० किलोंपेक्षा कमी वजन करणे नियमात बसत नाही. चार गोण्या घेऊन आलेल्या शेतकऱ्याने भुईकाट्याकडे जाऊच नये, त्याला फळीचा काटाच बरा.

मापाड्याचे काय झाले, हा प्रश्न उरतो. आकडा यंत्र दाखवते आणि चिठ्ठी यंत्र छापते, मग तोलाई कशाची, असे शेतकरी विचारतात. हमाली, तोलाई आणि वाराईच्या कपातीवरून राज्यातल्या कांदा बाजारांत लिलाव बंद पडण्यापर्यंत ताणले गेले आहे. हमाल-मापाड्यांची बाजूही पोकळ नाही. त्यांचे पोट त्या रकान्यावर आहे आणि यंत्र आणताना त्यांना कुणी विचारलेले नव्हते.

अलीकडचे काटे आणखी पुढे गेले आहेत. अ‍ॅम्प्लिफायर आणि रूपांतरक दोन्ही लोड सेलच्या पोटातच बसवतात, आणि तारेतून मिलिव्होल्टांऐवजी थेट आकडे धावतात. लांब तार, ओली डबी, शेजारची मोटार यांची भीती बरीच सरली. प्रत्येक सेल आपला क्रमांक सांगतो, म्हणून मधेच एखादा बदलला तर डब्याला कळते. पासंग आता स्मृतीत साठवलेली एक संख्या आहे. ती बदलायला चिंधी लागत नाही, पासवर्ड लागतो.

शेतकऱ्याने पाहायच्या गोष्टी त्यामानाने फारशा बदललेल्या नाहीत. गाडी चढवण्याआधी आकड्यांचा डबा शून्य दाखवतो का, फळीवर आधीच्या गाडीचा चिखल किंवा माणूस उभा नाही ना, सगळी चाके फळीवर आहेत का, चालू वर्षाच्या पडताळणीचे प्रमाणपत्र खोलीत लावले आहे का. आणि चिठ्ठीवर भरलेले वजन, रिकामे वजन आणि दोन्हींची वेळ वेगवेगळी छापलेली असावी. तशी नसेल तर गाडी पुन्हा तोलून मागावी.